अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये डिफेन्सिव्ह लाइनचा प्रशिक्षक कसे व्हावे

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या संघात मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळाडूंच्या प्रत्येक तुकडीसाठी स्वतंत्र प्रशिक्षक असतो. क्वार्टरबॅकचा वेगळा, रिसीव्हरचा वेगळा, लाइनबॅकरचा वेगळा. डिफेन्सिव्ह लाइनचा प्रशिक्षक हा बचावाच्या सर्वांत पुढच्या रांगेचा, म्हणजे चेंडूपासून जेमतेम हातभर अंतरावर हात जमिनीला टेकवून सज्ज असणाऱ्या तीन किंवा चार धिप्पाड खेळाडूंचा, शिक्षक असतो. धाव, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, अडवणे आणि क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याइतका वेळ न देणे ही दोन्ही कामे याच रांगेपासून सुरू होतात. त्यामुळे संघाची पुढची रांग कमकुवत असेल, तर मागच्या सात-आठ खेळाडूंचे कौशल्य फारसे उपयोगी पडत नाही.

या पदासाठी ठरलेली पदवी किंवा प्रवेश परीक्षा नाही. मात्र ज्यांनी हे काम अनेक दशके उत्तम केले, त्यांच्या कारकिर्दीचा तपशील सार्वजनिक आहे आणि त्यावरून वाटेचे टप्पे स्पष्ट दिसतात. ते टप्पे येथे क्रमाने मांडले आहेत. माझे ठाम मत असे आहे की प्रत्येक वळणावर उमेदवाराने मोठ्या नावाच्या विद्यापीठापेक्षा, जिथे खेळाडूंना प्रत्यक्ष शिकवण्याची जबाबदारी मिळेल ती जागा निवडावी. पुढच्या प्रत्येक टप्प्याचा विचार मी याच निकषावर केला आहे.

आधी काम नीट समजून घ्यावे

ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे आक्रमण करणाऱ्या संघाची पुढची रांग. तिच्या मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल आणि कडेला टाइट एंड असतो. या खेळाडूंमधल्या फटींना अक्षरांनी ओळखतात. सेंटर आणि गार्ड यांच्यामधली फट ए, गार्ड आणि टॅकल यांच्यामधली बी, टॅकल आणि टाइट एंड यांच्यामधली सी आणि त्याही बाहेरची डी. बचावाच्या खेळाडूने कोणासमोर आणि त्याच्या कोणत्या खांद्यावर उभे राहायचे, हे क्रमांकांनी सांगतात आणि त्या क्रमांकाला टेक्निक म्हणतात. सेंटरच्या बरोबर समोरचा ० टेक्निक, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावरचा ३ टेक्निक, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावरचा ५ टेक्निक, टाइट एंडच्या बाहेरचा ९ टेक्निक. ही भाषा झोपेतून उठवून विचारले तरी सांगता यावी, इतकी पक्की हवी, कारण प्रशिक्षकांच्या खोलीतली सगळी चर्चा याच क्रमांकांतून चालते.

दुसरी मूलभूत गोष्ट म्हणजे एका खेळाडूने एकच फट सांभाळायची, की समोरच्याला हातांच्या लांबीवर रोखून धरून त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी सांभाळायच्या. चार खेळाडूंच्या रांगेत बहुधा पहिली पद्धत असते आणि जुन्या ३-४ रचनेत (तीन लाइनमन, चार लाइनबॅकर) दुसरी. हा निर्णय डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरचा, म्हणजे संपूर्ण बचावाच्या प्रमुखाचा, असतो, परंतु त्याचे परिणाम लाइनच्या प्रशिक्षकाला भोगावे लागतात. दोन फटी सांभाळणारा नोज टॅकल (सेंटरसमोरचा खेळाडू) ३२० ते ३३० पौंडांचा, म्हणजे १४५ ते १५० किलोंचा, आणि जागचा न हलणारा लागतो. एक फट भेदणारा ३ टेक्निक त्याहून हलका आणि चपळ चालतो, तर कडेचा डिफेन्सिव्ह एंड २५० ते २७५ पौंडांचा असतो. दोन्ही पद्धती शिकवता येणाऱ्या प्रशिक्षकाला नोकरीची दारे अधिक असतात, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत एका पद्धतीचे जाणकार झाल्यावर दुसरी मुद्दाम शिकून घ्यावी.

अमेरिकेतील कॉलेज खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएच्या नियमानुसार हंगामात खेळाडूंचा सक्तीचा सराव, बैठका आणि व्यायाम मिळून आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त आणि दिवसाला ४ तासांपेक्षा जास्त होऊ शकत नाही, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. प्रशिक्षक मात्र रविवारी आदल्या सामन्याचे चित्रीकरण तपासण्यापासून शुक्रवारच्या प्रवासापर्यंत याच्या कित्येक पट वेळ काम करतो. खेळाडूच्या वाट्याला आलेल्या त्या मोजक्या तासांत नेमके काय शिकवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे ठरवण्यात त्याचा बाकीचा सगळा वेळ जातो.

स्वतः खेळलेले असणे किती आवश्यक आहे

बहुतेक प्रशिक्षक कॉलेज पातळीवर खेळलेले असतात, पण नामवंत संघातून खेळलेले असतातच असे नाही. ओहायो स्टेटमध्ये २०१४ पासून डिफेन्सिव्ह लाइन घडवणारे लॅरी जॉन्सन नॉर्थ कॅरोलिनातील एलिझाबेथ सिटी स्टेट या छोट्या विद्यापीठात लाइनबॅकर होते. पुढे एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे एड ओर्जेरॉन लुइझियानातील नॉर्थवेस्टर्न स्टेटमध्ये खेळले. व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, खेळल्याचा फायदा मुलाखत मिळण्यापुरता होतो. पुढे टिकायचे असेल, तर जे स्वतःला सहज जमत होते ते दुसऱ्याला पायरीपायरीने सांगता आले पाहिजे, आणि अनेक उत्तम खेळाडूंना तेच जमत नाही.

ज्याला कॉलेजच्या संघात खेळता आले नाही, त्याने शिकत असतानाच संघाच्या कार्यालयात विद्यार्थी साहाय्यक म्हणून काम मागावे. साहित्य उचलणे, चित्रीकरण करणे, कागद छापणे अशी कामे मिळतात, परंतु बैठकांत मागच्या खुर्चीवर बसून ऐकता येते. पदवी कोणत्याही विषयाची चालते. तरीही शिक्षणशास्त्र किंवा शारीरिक हालचालींचे शास्त्र हा विषय घेतल्यास शाळेत शिकवण्याचा परवाना मिळवणे सोपे जाते, आणि त्या परवान्याचे महत्त्व पुढच्याच टप्प्यात कळते.

हायस्कूलची वाट

अमेरिकेतील हायस्कूल फुटबॉलचे बरेच प्रशिक्षक त्याच शाळेत इतिहास, गणित किंवा शारीरिक शिक्षण शिकवतात आणि दुपारनंतर मैदानावर येतात. मोठ्या कॉलेजात जाण्याची घाई असलेला तरुण ही वाट टाळतो, आणि माझ्या मते तिथेच तो मोठी संधी गमावतो.

लॅरी जॉन्सन यांनी मेरीलँड आणि व्हर्जिनियातील शाळांमध्ये सुमारे दोन दशके प्रशिक्षण दिले आणि त्यानंतर १९९६ मध्ये ते पेन स्टेटला गेले. तेथे आधी त्यांच्याकडे डिफेन्सिव्ह एंड होते, पुढे संपूर्ण लाइन आली. २०१३ च्या हंगामापर्यंत ते तिथे राहिले आणि मग ओहायो स्टेटला गेले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या खेळाडूंपैकी कोर्टनी ब्राऊन २००० च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्या क्रमांकावर, जोई बोसा २०१६ मध्ये तिसऱ्या, निक बोसा २०१९ मध्ये दुसऱ्या आणि चेस यंग २०२० मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. शाळेतल्या पंधरा वर्षांच्या मुलाला, ज्याला अजून स्वतःच्या पायांचा तोल सांभाळता येत नाही, एकच गोष्ट दहा प्रकारे समजावून सांगण्याची सवय ज्याला लागली, त्याला कॉलेजातील तयार खेळाडू शिकवणे अवघड जात नाही. शिवाय त्या परिसरातील शाळांच्या प्रशिक्षकांशी जडलेली ओळख पुढे खेळाडूंच्या भरतीत कायम उपयोगी पडते.

या टप्प्यावर राष्ट्रीय हायस्कूल महासंघाचा प्रशिक्षणाचा मूलभूत अभ्यासक्रम आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र पूर्ण करावे. हडलसारख्या चित्रीकरण पाहण्याच्या संगणक प्रणालीवर सामन्यांचे तुकडे पाडून नोंदी करण्याचा सराव येथेच करून घ्यावा. टेक्सासमध्ये राहणाऱ्यांनी तिथल्या हायस्कूल प्रशिक्षक संघटनेचे जुलैमधील प्रशिक्षणवर्ग चुकवू नयेत, कारण कॉलेजचे प्रशिक्षकही तेथे व्याख्याने द्यायला येतात.

ग्रॅज्युएट असिस्टंट

कॉलेजच्या मैदानावर शिरण्याचे नेहमीचे दार म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंटचे पद, ज्याला सगळे जीए म्हणतात. उमेदवाराने पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश घ्यायचा, विद्यापीठ शुल्क भरते आणि वर एक छोटे मानधन देते. ओर्जेरॉन यांनी १९८४ मध्ये नॉर्थवेस्टर्न स्टेटमध्ये आणि पुढच्या वर्षी मॅकनीज स्टेटमध्ये याच पदावर काम केले. त्यानंतर ते आर्कान्सामध्ये व्यायाम विभागात साहाय्यक होते आणि १९८८ मध्ये मायामीला गेले आणि तेथे डिफेन्सिव्ह लाइनचे प्रशिक्षक झाले.

जीएचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा फार वेगळे असते. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे मागचे चार-पाच सामने घेऊन प्रत्येक प्लेची (चेंडू खेळात येऊन थांबेपर्यंतच्या खेळाची) नोंद करावी लागते. कितवा डाऊन (प्रयत्न), किती अंतर बाकी, चेंडू मैदानाच्या कोणत्या बाजूला, कोणते खेळाडू आत, रचना कोणती, धाव की पास, हे सगळे त्या नोंदीत येते. मग त्या आधारे सरावासाठी कार्डे काढायची असतात, ज्यांवर प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक खेळाडूची चाल रेषांनी दाखवलेली असते. राखीव खेळाडू ती कार्डे पाहून प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतात आणि मुख्य संघ त्यांच्याविरुद्ध सराव करतो. कार्डावर एका गार्डची रेषा चुकली, तर आपला ३ टेक्निक आठवडाभर चुकीच्या ब्लॉकविरुद्ध (समोरच्याने अडवण्याच्या पद्धतीविरुद्ध) सराव करतो आणि शनिवारी फसतो. म्हणून हे काम किरकोळ मानू नये. ज्याने दोन हंगाम अशी कार्डे काळजीपूर्वक काढली, त्याला ऑफेन्सिव्ह लाइनची भाषा आपोआप येते. समोरचा खेळाडू कसा विचार करतो हे ओळखणे हे बचाव शिकवणाऱ्याचे निम्मे शिक्षण आहे.

ही जागा मिळते कशी? पन्नास विद्यापीठांना एकसारखा ईमेल पाठवून बहुधा काही हाती लागत नाही. सर्वांत विश्वासार्ह मार्ग जूनमधील शिबिरांचा आहे. विद्यापीठे उन्हाळ्यात हायस्कूलच्या मुलांसाठी शिबिरे भरवतात आणि त्यांना कामाला माणसे हवी असतात, तेव्हा शाळांचे व छोट्या कॉलेजांचे प्रशिक्षक तेथे अल्प मोबदल्यावर काम करतात. तेथे तुम्ही मुलांना कसे शिकवता हे त्या विद्यापीठाचा लाइन प्रशिक्षक स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, आणि जानेवारीत जागा रिकामी झाली की पाहिलेला माणूसच त्याला आठवतो. दुसरा मार्ग म्हणजे अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक संघटनेचे दर जानेवारीत भरणारे अधिवेशन. त्याच सुमारास संघांमध्ये फेरबदल होत असतात. तेथे नोकरी मागत फिरण्यापेक्षा लाइनच्या खेळावरील व्याख्यानांना बसावे, नंतर व्याख्यात्याला एखादा नेमका प्रश्न विचारावा आणि आठवड्याभरात त्याला पत्र लिहावे.

मुलाखतीत तुम्हाला फळ्यासमोर उभे केले जाईल, हे गृहीत धरून तयारी करावी. "इनसाइड झोनविरुद्ध तुमचा ३ टेक्निक काय करतो, आणि गार्ड खाली, म्हणजे आतल्या बाजूला, गेला तर काय करतो?" असा प्रश्न येतो. इनसाइड झोन ही रांगेच्या मधून धाव काढण्याची एक आखणी आहे. उत्तर देताना रचना काढा, पहिले पाऊल सांगा, हात कुठे जातात ते सांगा, डोळे कुठे असतात ते सांगा आणि शेवटी हे शिकवण्यासाठी कोणता सराव घेता ते सांगा. जो उमेदवार फक्त रचना काढून थांबतो, तो शिकवू शकत नाही असा निष्कर्ष ऐकणारे काढतात आणि तो बहुधा बरोबर असतो.

ॲनालिस्टची जागा घ्यावी का

हा प्रश्न आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. एनसीएएने सर्वोच्च पातळीवर, म्हणजे एफबीएसमध्ये, जानेवारी २०१८ पासून मुख्य प्रशिक्षकाखेरीज दहा साहाय्यकांना परवानगी दिली होती. बाकीचे ॲनालिस्ट आणि क्वालिटी कंट्रोलचे, म्हणजे चित्रीकरण तपासून नोंदी करणारे, कर्मचारी कितीही असले, तरी त्यांना मैदानावर खेळाडूंना तंत्र शिकवण्याची मुभा नव्हती. जून २०२४ मध्ये हे बंधन उठले आणि सरावात व सामन्यात कोणताही कर्मचारी शिकवू शकतो असा नियम झाला. परिसराबाहेर जाऊन खेळाडूंची भरती मात्र अजूनही मुख्य प्रशिक्षक आणि दहा साहाय्यक यांनाच करता येते.

त्यामुळे मोठ्या विद्यापीठांत आता लाइनच्या मुख्य प्रशिक्षकाच्या जोडीला दुसरा माणूस दिसतो. एक आतल्या टॅकलना घेतो, दुसरा कडेच्या एंडना. अशी जागा मिळत असेल आणि रोजच्या सरावात चार-पाच खेळाडू खरोखर तुमच्या हाती येणार असतील, तर ती जरूर घ्यावी. परंतु काम केवळ संगणकापुढचे असेल, तर झगझगीत इमारत आणि प्रसिद्ध बोधचिन्ह पाहून मोहात पडू नये. गेलाच तर दोन हंगामांपेक्षा जास्त थांबू नये, कारण तिसऱ्या वर्षी लोक तुम्हाला नोंदी करणारा म्हणूनच ओळखू लागतात आणि मैदानावरच्या जागेसाठी तुमचे नाव कोणाला सुचत नाही.

स्वतःची पहिली तुकडी

पहिली पूर्ण जबाबदारी बहुतेकांना एफबीएसच्या खालच्या एफसीएस, डिव्हिजन दोन, डिव्हिजन तीन या पातळ्यांवर, एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेत किंवा दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजात मिळते. येथे पैसा कमी असतो. डिव्हिजन तीनमध्ये क्रीडा शिष्यवृत्ती मुळीच नसते आणि डिव्हिजन दोनमध्ये संपूर्ण फुटबॉल संघासाठी ३६ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम वाटून द्यावी लागते. लाइनच्या प्रशिक्षकाला व्यायामशाळा सांभाळणे, साहित्याची मोजदाद आणि कधी एखादा वर्ग शिकवणे ही कामेही करावी लागतात. पण तुकडी त्याची असते. सराव तो आखतो, चूक झाली तर जाब त्याला विचारला जातो आणि खेळाडू सुधारला तर श्रेयही निर्विवाद त्याचेच असते.

यांपैकी ज्युनिअर कॉलेजाकडे मी तरुण प्रशिक्षकांचे विशेष लक्ष वेधीन. कॅन्सस आणि मिसिसिपी या राज्यांत हे फुटबॉल जोरात चालते. गुण कमी पडल्याने किंवा शरीर उशिरा भरल्याने मोठ्या विद्यापीठात जाऊ न शकलेली मुले तेथे येतात आणि दोन वर्षांत पुढे जातात. मोठ्या शरीराचे चपळ लाइनमन सगळीकडेच दुर्मीळ असल्यामुळे नामांकित विद्यापीठांचे लाइन प्रशिक्षक या गावांत स्वतः येतात, तुमच्या कार्यालयात बसून तुमच्या खेळाडूंचे चित्रीकरण पाहतात आणि प्रश्न विचारतात. त्यांना खेळाडूविषयी खरे सांगावे, दोष लपवू नयेत. तुम्ही सांगितले तसाच खेळाडू निघाला, की तोच प्रशिक्षक पुढच्या जागेसाठी तुमची शिफारस करतो.

शिकवण्याची कला

या कामाचा गाभा हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. कुस्तीच्या तालमीत वस्ताद नव्या मुलाला आधी डाव शिकवत नाही, तर पवित्रा घोटून घेतो. लाइनच्या खेळातही क्रम तसाच आहे. आधी बैठक (सज्ज उभे राहण्याची ढब), मग उसळी, मग हात, मग सुटका आणि शेवटी पाठलाग. उसळी आवाजावर नव्हे, चेंडूच्या हालचालीवर घ्यायची असते, कारण क्वार्टरबॅक आवाज बदलून फसवतो. म्हणून काठीच्या टोकाला चेंडू लावून, तोंडाने काहीही ओरडत, चेंडू हलला तरच निघायचे असा सराव रोज घेतात. हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने पडले पाहिजेत, अंगठे वर हवेत, आणि खांदे समोरच्याच्या खांद्यांपेक्षा खाली राहिले पाहिजेत. ज्याचे खांदे खाली, तो बहुधा जिंकतो, मग समोरचा वीस किलो जड असला तरी.

त्यानंतर ब्लॉक ओळखणे येते. समोरच्या टॅकलने बाहेरच्या बाजूने घेरण्याचा प्रयत्न केला, तर धाव बाहेर जाणार, म्हणून बाहेरचा हात मोकळा ठेवून त्याला बाजूला रेटत न्यायचे. तो अचानक आत गेला आणि समोर कोणीच उरले नाही, तर आनंदाने पुढे धावत सुटायचे नाही. दुसऱ्या बाजूने गार्ड धक्का द्यायला येत असतो, म्हणून आत वळून त्याला अडवायचे. दोघे मिळून एकावर आले, तर त्याने जागा सोडायची नाही, गरज पडल्यास एक गुडघा टेकवून तिथेच राहायचे, म्हणजे त्या दोघांपैकी कोणालाही मागच्या लाइनबॅकरपर्यंत पोहोचता येत नाही. सामन्याच्या आकडेवारीत या खेळाडूच्या नावापुढे आकडा लागत नाही. प्रशिक्षकाने सोमवारी सर्वांसमोर ते चित्रीकरण दाखवून त्याचे कौतुक केले नाही, तर तो पुढच्या वेळी ते कष्टाचे काम टाळतो.

पासवर धावून जाण्याच्या चाली अनेक आहेत. सरळ रेटा, वरून हात काढणे, खालून हात घालून सुटणे, गिरकी. नवखा प्रशिक्षक सगळ्या शिकवतो आणि खेळाडूला एकही धड येत नाही. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराला साजेशी एक मुख्य चाल, आणि ती अडवली तर उपयोगी पडणारी दुसरी चाल, एवढेच द्यावे आणि तेच हंगामभर घोटून घ्यावे.

सामन्यानंतर प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक प्लेला गुण द्यावेत. जागा बरोबर होती का, काम बरोबर केले का, तंत्र बरोबर होते का, जीव तोडून धावला का, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. दीडशे किलोंचा माणूस सलग साठ-सत्तर प्ले पूर्ण जोराने खेळू शकत नाही, म्हणून सहा ते आठ जणांना आलटून पालटून खेळवावे लागते. कोणाला केव्हा बाहेर घ्यायचे याचा हिशेब सामना सुरू होण्यापूर्वीच मांडलेला असावा.

याच वेळी एक संग्रह जपायला सुरुवात करावी. प्रत्येक खेळाडू पहिल्या महिन्यात कसा उसळत होता आणि वर्षानंतर कसा उसळतो, याच्या चित्रफिती शेजारी शेजारी लावून ठेवाव्यात. पुढच्या प्रत्येक मुलाखतीत संघाच्या विजयांची संख्या मागे पडते आणि हा संग्रह बोलतो, कारण विजय अनेकांचे असतात, पण ही सुधारणा तुमची असते.

आणखी एक गोष्ट कोणत्याही चालीपेक्षा महत्त्वाची आहे. जड शरीराच्या लाइनमनना उष्माघाताचा धोका सर्वाधिक असतो. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठातील एकोणीस वर्षांच्या एका लाइनमनचा सरावात झालेल्या उष्माघातानंतर मृत्यू झाला आणि त्या प्रकरणात मुख्य प्रशिक्षकाला जावे लागले. खेळाडू अडखळू लागला, बोलण्यात गोंधळला, तर सराव तत्काळ थांबवून त्याला बर्फाच्या पाण्यात उतरवण्याची व्यवस्था मैदानालगत आहे ना, हे लाइनच्या प्रशिक्षकाने स्वतः पाहावे. ते काम वैद्यकीय पथकाचे आहे म्हणून नजरेआड करू नये.

खेळाडूंची भरती

एफबीएसमधील साहाय्यक प्रशिक्षकाच्या बढतीचा निर्णय अनेकदा तो किती चांगले खेळाडू आणतो यावर होतो. प्रत्येकाला काही राज्ये किंवा शहरे वाटून दिलेली असतात. लाइनसाठी मुलगा निवडताना आजचे वजन फसवे असते. सोळा वर्षांचा २२५ पौंडांचा मुलगा तीन वर्षांत २८० पर्यंत जाईल का, हे त्याच्या मनगटांवरून, हातांच्या लांबीवरून आणि आई-वडिलांच्या बांध्यावरून अदमासावे लागते. शाळेत कुस्ती किंवा बास्केटबॉल खेळलेला मुलगा दिसला, तर त्याचे ते सामनेही पाहावेत, कारण कुस्तीतून तोल आणि बास्केटबॉलमधून पायांची चपळाई कळते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या हाऊस समझोत्यानंतर (खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या खटल्यातील तडजोडीनंतर) विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती आणि त्या समझोत्यात सहभागी विद्यापीठांच्या फुटबॉल संघासाठी १०५ खेळाडूंची मर्यादा आली. याचा व्यावहारिक अर्थ असा की दोन वर्षे घडवलेला खेळाडू जानेवारीत दुसरीकडे जाऊ शकतो आणि तितकाच तयार खेळाडू दुसरीकडून आणताही येतो. अशा वातावरणातही खेळाडूला थांबवण्याचा प्रशिक्षकाच्या हातातला उपाय तोच जुना आहे. या माणसाच्या हाताखाली आपण सुधारतो, असे त्याला वाटले पाहिजे.

करार, घर आणि पुढची वाट

साहाय्यकाचा करार बहुधा एक-दोन वर्षांचा असतो. मुख्य प्रशिक्षकाला काढले, की नवा माणूस स्वतःचे साहाय्यक आणतो आणि तुमचे काम चांगले असूनही डिसेंबरात बिऱ्हाड हलवावे लागते. म्हणून करारात दोन गोष्टी वाचाव्यात. मुदतीआधी काढल्यास किती रक्कम मिळते, आणि दुसरी नोकरी लागल्यास ती रक्कम किती कमी होते. जोडीदाराचा व्यवसाय, मुलांच्या शाळा आणि आई-वडिलांची काळजी यांचा विचार घरात आधीच मोकळेपणाने व्हावा. छोट्या कॉलेजातील पगार शाळेतील शिक्षकापेक्षाही कमी असू शकतो, तर सर्वांत वरच्या मोजक्या विद्यापीठांत लाइनच्या प्रशिक्षकांचे पगार लाखो डॉलरांत जातात. यांच्यामधला पल्ला कोणाला दहा वर्षांत गाठता येतो, कोणाला कधीच नाही.

पुढे तीन वाटा फुटतात. डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर व्हायचे असेल, तर मागच्या फळीची संरक्षणरचना शिकावी लागते, कारण केवळ लाइन जाणणाऱ्याच्या हाती संपूर्ण बचाव देत नाहीत. एनएफएलची वाट रॉड मॅरिनेली यांनी दाखवली. कॅलिफोर्नियातील एका हायस्कूलपासून युटा स्टेट, कॅलिफोर्निया, ॲरिझोना स्टेट आणि यूएससी अशी दोन दशकांची वाटचाल करून ते १९९६ मध्ये टाम्पा बेला गेले आणि तेथे दहा हंगाम त्यांनी लाइन सांभाळली. पुढे ते डेट्रॉइटचे मुख्य प्रशिक्षक झाले. २००८ मध्ये तो संघ सोळाही सामने हरला आणि त्यांना जावे लागले, पण लाइनचा शिक्षक म्हणून त्यांना त्यानंतरही अनेक वर्षे मागणी राहिली. तिसरी वाट कॉलेजचे मुख्य प्रशिक्षकपद. ओर्जेरॉन यांना ओल मिसमध्ये (मिसिसिपी विद्यापीठात) मुख्य प्रशिक्षक म्हणून यश आले नाही, पुन्हा ते लाइनकडे वळले, आणि एलएसयूत लाइनचे प्रशिक्षक असताना २०१६ मध्ये हंगामी मुख्य प्रशिक्षक झाले. २०१९ मध्ये त्यांच्या संघाने पंधराही सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. या दोघांनाही अपयशानंतर हातातल्या मूळ कौशल्यानेच उभे केले. लॅरी जॉन्सन मात्र कॉलेजात दशकानुदशके लाइनच शिकवत राहिले, आणि मला तीच निवड सर्वांत आदरणीय वाटते.

भारतातून जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून या खेळाकडे वळणाऱ्यांना थोडी पार्श्वभूमी आहे. २०१२ मध्ये खेळल्या गेलेल्या एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियात पुणे मराठाज हा संघ होता. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉलचा समावेश झाल्याने त्या प्रकाराकडे ओढा वाढेल, पण त्यात ब्लॉकिंग नसल्यामुळे लाइनचे तंत्र शिकायला मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत गेलेल्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. फुटबॉलच्या जीएचे तास याहून कितीतरी जास्त भरतात, म्हणून जागा स्वीकारण्यापूर्वी संघाचे कार्यालय आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय या दोघांशी बोलून तासांचा आराखडा लेखी ठरवावा. शिक्षण संपल्यावर विषयाशी संबंधित कामासाठी बारा महिन्यांची मुभा मिळते, त्यामुळे क्रीडा प्रशिक्षण किंवा क्रीडा व्यवस्थापन हा विषय घेतलेला बरा. विद्यापीठांना एच-१बी व्हिसासाठी वार्षिक संख्यामर्यादा लागू होत नाही, ही बाब उमेदवाराच्या बाजूची आहे. मात्र त्यासाठी विद्यापीठाने अर्ज करण्याची तयारी दाखवावी लागते, आणि तो प्रश्न पहिल्या हंगामाच्या अखेरीसच मुख्य प्रशिक्षकाकडे काढावा, शेवटच्या सत्रापर्यंत ताटकळत ठेवू नये.